फ्लॅटचं काम काढताय? दर विचारण्याआधी दरात काय बसतं ते विचारा

घराचं काम काढलं की भेटेल तो एकच विचारतो, "स्क्वेअर फुटाला काय घेतला?" आकडा सांगितला की कोणी ना कोणी म्हणतंच, "जास्त घेतला रे, माझा माणूस याच्यापेक्षा कमीत करून देतो." पण हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. टाइल्स बसवायच्या दरात जुनी फरशी उखडणं आहे का? राडारोडा खाली कोण नेणार? सिमेंट-रेती कोणाची, ग्राउट (टाइल्समधल्या फटी भरायचा मसाला) कोणाचं, स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी बसणारी टाइलची पट्टी) धरलंय की वेगळं? एवढं कळल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवता येत नाही. कंत्राटदाराशी होणारी बहुतेक भांडणंही कामाच्या दर्जावरून सुरू होत नाहीत. "हे आपलं ठरलंच नव्हतं" या वाक्यावरून सुरू होतात.

पुढे जे लिहिलंय ते पुणे, ठाणे, नाशिककडच्या पंधरा-वीस वर्षं जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटसाठी आहे. बाथरूम, किचन, फरशी, वायरिंग, सुतारकाम, रंग, असं सगळं एकदम काढलंय असं धरून चालू. पायापासून बंगला बांधणं हे वेगळं प्रकरण आहे.

आधी काम कागदावर

कंत्राटदाराला घरी बोलावण्याआधी एक रविवार काढा आणि खोलीवार यादी करा. "बाथरूम नवीन करायचं" हे काम होत नाही, ती इच्छा झाली. काम असं लिहायचं: जुन्या टाइल्स आणि खालचा कोबा (भरावाचा थर) काढणं, वॉटरप्रूफिंग, नवीन पाइपलाइन, सात फुटांपर्यंत डॅडो (भिंतीच्या टाइल्स), जमिनीला अँटिस्किड टाइल्स, गीझरचा पॉइंट, आरशावरच्या दिव्याचा पॉइंट, कमोड भिंतीतला की जमिनीवरचा. प्रत्येक खोलीत किती इलेक्ट्रिक पॉइंट हवेत आणि ते कुठे, हे भिंतीवर खडूने खुणा करून मोजा. पॉइंटचे पैसे नगावर लागतात आणि बिल फुगण्याची सर्वांत आवडती जागा हीच असते.

ही यादी सगळ्या कंत्राटदारांना सारखीच द्यायची. एकाला तोंडी सांगितलं, दुसऱ्याला फिरून दाखवलं आणि तिसऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, तर हातात येणारी तीन कोटेशनं तीन वेगवेगळ्या कामांची असतात. त्यांची तुलना करायची तरी कशी?

सोसायटी आणि बिल्डर

सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि परवानगीही लेखीच घ्या. बहुतेक सोसायट्या परत मिळणारी अनामत घेतात, कामाच्या वेळा ठरवून देतात, कामगारांच्या ओळखपत्रांच्या प्रती मागतात. दुपारी ठोकाठोक बंद, रविवारी काम बंद, सामानासाठी लिफ्ट वापरायची नाही, असे नियम असतील तर ते कंत्राटदाराला दर द्यायच्या आधीच दाखवा. पाचव्या मजल्यावर जिन्याने सिमेंटची पोती चढवायची असतील तर हमाली वाढते, आणि ती कोणाची यावर पहिल्याच आठवड्यात तोंडं वाकडी होतात.

कॉलम, बीम आणि स्लॅब यांना छिन्नी लावायची नाही, हे वायरिंगवाल्याला आणि प्लंबरला स्वतः सांगा. भिंत पाडायची असेल तर "ही पार्टिशनची आहे, काही होत नाही" या मिस्त्रीच्या शब्दावर जाऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या आणि महापालिकेची परवानगी लागते का तेही त्याच्याकडूनच समजून घ्या. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत तर भिंतच वरचा भार पेलत असते. बाथरूम सरकवून खालच्यांच्या स्वयंपाकघरावर आणायची कल्पना डोक्यात असेल तर ती तिथेच सोडा.

फ्लॅट नवा असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर गळती किंवा भेगांच्या दुरुस्तीवर स्वतःचे पैसे घालण्याआधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा या घरखरेदीदारांसाठीच्या कायद्यानुसार बांधकामातले आणि कारागिरीतले दोष या मुदतीत त्याने मोफत दूर करायचे असतात. तुम्ही आधीच तोडफोड केलीत, तर दोष कोणाचा हा वाद त्याला आयता मिळतो.

माणूस शोधताना

इथे फार लिहिण्यासारखं नाही. ओळखीतून तीन नावं काढा. त्यातलं एक शक्यतो तुमच्याच इमारतीत काम केलेल्याचं असू द्या, कारण त्याला तुमच्या पाइपांचे रस्ते माहीत असतात. फोनमधले फोटो बघून काही कळत नाही. झालेलं काम प्रत्यक्ष बघायला जा, आणि तेही नुकतं झालेलं नको, दोन पावसाळे काढलेलं बघा. घरमालकाला तीन गोष्टी विचारा: शेवटचं बिल कोटेशनपेक्षा किती वाढलं, काम संपल्यावर फोन उचलतो का, आणि मधेच माणसं दुसऱ्या साइटवर हलवली का. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चांगला कारागीर असूनही घर चार महिने उघडं पडतं, ते याच कारणाने.

गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, पेंटर यांतले कोण त्याची स्वतःची माणसं आहेत आणि कोण बाहेरून येणार, हेही विचारा. सगळी स्वतःची असली पाहिजेत असं नाही. पण टाइल्स फोडून पाइप गळला तर प्लंबर गवंड्याकडे आणि गवंडी प्लंबरकडे बोट दाखवणार, तेव्हा जबाबदारी घेणारा एक माणूस कोण, हे आधी ठरलेलं हवं.

कोटेशन वाचायचं कसं

काम देण्याच्या तीन पद्धती चालतात. रोजंदारीवर, म्हणजे माणसामागे दिवसाची मजुरी. लेबर रेटने, म्हणजे माल आपला आणि मजुरी मापावर. आणि विथ मटेरियल, म्हणजे सगळं त्याचं. किरकोळ दुरुस्तीला रोजंदारी ठीक आहे, पण मोठ्या कामाला तिच्या वाटेला जाऊ नये. एक दिवसाचं काम तीन दिवस चालतं आणि कोणाला काही बोलता येत नाही. सगळंच काम एकरकमी उक्तं दिलं तर डोकं शांत राहतं, पण मग माल कोणत्या दर्जाचा येतोय यावर डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

मला मधला रस्ता पटतो. टाइल्स, नळ, कमोड, वायर, स्विच, प्लाय, लॅमिनेट आपण स्वतः दुकानातून आपल्या नावाच्या बिलावर घ्यायचं. सिमेंट, रेती, ग्राउट, खिळे, फेविकॉल असलं फुटकळ त्याच्या दरात टाकायचं. वॉरंटीची कागदपत्रं आपल्याकडे राहतात आणि मालासाठी त्याला मोठी उचल द्यावी लागत नाही. कंत्राटदार ज्या टाइल्सच्या दुकानात घेऊन जातो तिथे त्याचं कमिशन असू शकतं. त्यात गुन्हा काही नाही, पण तोच माल दुसऱ्या दुकानात काय भावाने मिळतो ते एकट्याने जाऊन बघा. टाइल्स मापापेक्षा पाच ते दहा टक्के जास्त घ्या आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते पाहा. नंतर आणलेल्या खोक्याची छटा जुळेलच असं नाही.

आता माप. खरा खेळ इथे आहे.

रंगाचा दर कशावर धरलाय? बारा बाय दहाची खोली, उंची नऊ फूट. जमिनीचं क्षेत्रफळ १२० चौरस फूट. पण चारही भिंतींचं माप ४४ गुणिले ९, म्हणजे ३९६, आणि सीलिंगचे १२०. एकूण ५१६. चौरस फुटाला सांगितलेला दर तोच असला तरी माप कोणतं यावर बिल चौपटीहून जास्त बदलतं. दारं-खिडक्यांची वजावट करणार का, लांबीचे (पुट्टीचे) किती कोट, प्रायमर धरलाय का, वरून दोन हात की तीन, हेही त्याच ओळीत लिहून घ्या.

सुतारकामात वॉर्डरोबचा दर साधारण समोरच्या मापावर लागतो. सात फूट उंच आणि सहा फूट रुंद म्हणजे ४२ चौरस फूट. त्यात आतले कप्पे, ड्रॉवर, आतलं लॅमिनेट, बिजागऱ्या, चॅनेल, हँडल आहेत का? दोन कोटेशनांतला फरक पुष्कळदा इथेच सापडतो. स्वस्त वाटलेल्या कोटेशनमध्ये ड्रॉवर "एक्स्ट्रा" असतात आणि सॉफ्टक्लोज चॅनेल "तुमच्या चॉइसप्रमाणे". किचन ट्रॉलीचा दर रनिंग फुटावर (नुसत्या लांबीच्या फुटावर) की नगावर तेही बघा.

"आयएसआय प्लाय" एवढं लिहिणं पुरेसं नाही. आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायचा मानक, आणि त्यातही ओलसरपणा सोसणारा आणि उकळतं पाणी सोसणारा असे दर्जे आहेत. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, सततची ओल सोसणारा. सिंकखाली आणि बाथरूमच्या दाराजवळ आयएस ७१० घ्यावा. बेडरूमच्या कपाटाला त्यावर पैसे घालायची गरज नाही. जाडीसुद्धा लिहा: सांगाड्याला १८ मिलिमीटर, पाठीला ६. प्लाय आला की लॅमिनेट चिकटवण्याआधी शिक्क्याचा फोटो काढून ठेवा, नंतर तो कायमचा झाकला जातो.

वायरिंगमध्ये दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, पॉवर सॉकेटला अडीच, एसी आणि गीझरला चार, असं लिहून घेतलं तर पुढे बोलाचाली होत नाही. पूर्ण घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) हवाच. एमसीबी, म्हणजे भार वाढला की पडणारा स्विच, वायर जळू देत नाही, पण माणसाला शॉक बसताना वीज तोडतो तो आरसीसीबी.

व्हिट्रिफाइड टाइल्स पाणी जवळजवळ शोषतच नाहीत, त्यामुळे भिंतीवर नुसत्या सिमेंटच्या घोळाने त्या नीट धरत नाहीत. तिथे टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागतं. ते कोणाच्या खर्चात, हा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि गवंडी काम करता करता विचारतो, "साहेब, केमिकल आणायचं का?" जुन्या फरशीवरच नवी बसवायची असेल तर दारं खालून कापावी लागतील, आणि जुनी फरशी कुठे बद्द वाजत असेल तर तिच्यावर काही बसवूच नका.

जीएसटीचं एक सांगायला हवं. "बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील," हे तुम्हाला ऐकवलं जाईलच. नोंदणी असलेला कंत्राटदार अशा कामावर साधारण १८ टक्के लावतो. छोट्या, वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर तो जीएसटी मागूच शकत नाही. त्याने नंबर दिला तर तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. बिनबिलाने काम करून घेण्यात वाचलेले पैसे दिसतात. गेलेला पुरावा मात्र भांडण होईपर्यंत दिसत नाही.

तीन कोटेशनांत एक फारच खाली असेल तर त्याला नाही म्हणण्याआधी ओळीन् ओळ घेऊन बसा. काय गाळलंय ते सापडतंच. आणि सापडलं नाही, तर त्याला खरोखर काम हवंय असं समजून दुसऱ्यांदा बोलवायला हरकत नाही.

करार

दोन पानं पुरतात. महाराष्ट्रात अशा करारांना निदान ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. कामाची यादी आणि मंजूर कोटेशन त्याला जोडा आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. आत काय हवं: सुरुवातीची आणि संपायची तारीख, पैशांचे टप्पे, माल कोणाचा, राडारोडा कोणाचा, वीज-पाणी कोणाचं, शेजाऱ्यांचं किंवा लिफ्टचं नुकसान झालं तर भरपाई कोणाची, कामगाराला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, आणि वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची.

राडारोडा सोसायटीच्या कोपऱ्यात किंवा नाल्याकाठी टाकला तर महापालिका दंड करू शकते. मुंबईत महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल ही सेवा आहे. इतर शहरांत वॉर्ड ऑफिसला विचारून ठेवा.

सगळ्यात कामाची अट जादा कामाची. "वाढीव कामाचा दर लेखी मान्य झाल्याशिवाय ते काम सुरू करायचं नाही, केल्यास त्याचे पैसे देय नाहीत." व्हॉट्सअ‍ॅपवर दर आला आणि तुम्ही "ओके" लिहिलं तरी चालेल. पण ही अट तुम्हालाही बांधते, हे लक्षात ठेवा. साइटवर सहज उभं राहून "इथे एक कोनाडा करून टाका ना" म्हणालात की मीटर सुरू झालाच. घरातल्या एकानेच सूचना द्यायच्या, बाकीच्यांनी त्याच्यामार्फत, हा नियम पहिल्या दिवशीच लावा. सासूबाईंनी सांगितलं म्हणून आणि दादांनी सांगितलं म्हणून बदललेल्या कामांचा हिशेब नंतर कोणीच लावू शकत नाही.

पैसे कामाच्या मागे

पैसा कामाच्या पुढे धावला की कंत्राटदाराचं लक्ष पुढच्या साइटवर जातं. फार मागे राहिला तर तो मजुरांचे पैसे देऊ शकत नाही आणि माणसं तुटतात. म्हणून तारखेवर नव्हे, पूर्ण झालेल्या टप्प्यावर पैसे द्यायचे. समजा मजुरी आणि किरकोळ माल धरून काम सहा लाखांचं आहे:

- काम सुरू होताना: ६०,०००
- तोडफोड संपून पाइप आणि वायरिंगच्या नळ्या टाकून तपासल्यावर: १,२०,०००
- वॉटरप्रूफिंगची चाचणी होऊन टाइल्स बसल्यावर: १,५०,०००
- सुतारकामाचे सांगाडे उभे राहिल्यावर: १,२०,०००
- रंग आणि फिटिंग झाल्यावर: १,००,०००
- उरलेल्या बारीकसारीक दुरुस्त्या संपल्यावर: २०,०००
- पुढचा पावसाळा गेल्यावर: ३०,०००

शेवटचे तीस हजार ऐकून कंत्राटदार कुरकुरेल. अडून बसा. रक्कम कमी-जास्त करा, पण काहीतरी मागे ठेवा. काम सुरू होताना निम्मे पैसे मागणाऱ्याला थोडं खोदून विचारा. तुमचे पैसे आधीच्या गिऱ्हाइकाचं काम संपवायला जाणार असण्याची शक्यता बरीच असते.

पैसे बँकेतून द्या. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि हप्ते पाडले म्हणून व्यवहार वेगळा होत नाही. मजूर थेट तुमच्याकडे उचल मागायला आले तर कंत्राटदाराला फोन लावून, त्याच्या खात्यावर लिहूनच द्या.

झाकलं जाणारं काम

रंग वाकडा असेल तर दिसतो आणि पुन्हा मारता येतो. टाइलखाली जे गेलं ते गेलं. म्हणून रजा टाकायचीच असेल तर रंगाच्या दिवसांत नको, या दिवसांत टाका.

बाथरूमचा कोबा काढल्यावर स्लॅब उघडी दिसली की फोटो काढा. नवी पाइपलाइन टाकल्यावर, भिंत बुजवण्याआधी, लाइन पाण्याने भरून दाब देऊन तपासायला लावा. हातपंपाच्या गेजचा काटा रात्रभर खाली यायला नको. मग टेप धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. पुढे कधी आरसा टांगायला ड्रिल मारताना हाच फोटो पाइप वाचवतो. नंतर वॉटरप्रूफिंग: कोपरे गोलाकार भरलेले, थर भिंतीवर निदान फूटभर वर चढवलेला, नहाणी ट्रॅपच्या (पाणी वाहून जायच्या तोंडाच्या) आणि पाइपांच्या भोवतीची जागा खास भरलेली. ते वाळलं की ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी साठवा आणि ४८ ते ७२ तास ठेवा. खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. खालच्यांशी बोलणं नसलं तरी जा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) संडास-बाथरूम आणि सिंकच्या आतल्या गळतीची दुरुस्ती त्या फ्लॅटच्या मालकानेच स्वखर्चाने करायची असते, त्यामुळे ओल उतरली तर बिल तुमच्याच दारात येणार आहे. कंत्राटदार "एक रात्र पुरे" म्हणेल, कारण त्याचे दोन दिवस मोकळे जातात. ते दिवस वेळापत्रकात आधीच लिहिलेले असले की वाद उरत नाही.

टाइल्स बसल्यावर नाण्याने प्रत्येक टाइल ठोकून पाहा. बद्द आवाज येईल तिथे खाली पोकळी आहे. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. ते ट्रॅपकडे जायला हवं, दाराकडे नव्हे.

दिवस कोणते धरावेत

पावसाळ्यात सुतारकाम आणि रंग टाळलेला बरा, लाकूड फुगतं आणि लांबी वाळत नाही. दिवाळीच्या आधीचे दीड-दोन महिने पेंटर मिळणं कठीण. होळीला आणि छठला उत्तरेकडचे कारागीर गावी जातात, गणपतीत कोकणातले, मे महिन्यात लग्नसराईमुळे बरेच जण. त्या काळात काम येत असेल तर "किती जण राहणार?" हे आधीच विचारा आणि तेवढे दिवस हिशेबात धरा.

शेवटचं बिल आणि न सुटलेला वाद

काम संपत आलं की चिकटपट्टीचे तुकडे आणि पेन घेऊन घरभर फिरा. न लागणारं दार, सैल स्विच, ग्राउट राहिलेली फट, जिथे दिसेल तिथे तुकडा चिकटवा आणि यादी कंत्राटदाराच्या सहीने पक्की करा. शेवटचं माप दोघांनी मिळून, टेप धरून घ्यायचं. त्याने घरी बसून काढलेलं माप मान्य करू नका. बिलासोबत वॉटरप्रूफिंगची हमी लेटरहेडवर, वायरिंगचा साधा आराखडा आणि उरलेल्या टाइल्सचं एक खोकं मागून घ्या.

वाद मिटलाच नाही तर आधी तारखांसह लेखी नोटीस पाठवा, मुदत द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. सोबत करार, मंजूर कोटेशन, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि ते टेप धरून काढलेले फोटो जोडा. दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घेण्याआधी एखाद्या इंजिनिअरकडून दोषांचा लेखी अहवालही घेऊन ठेवा. एकदा दुरुस्ती झाली की मूळ दोष आयोगाला दाखवायला काही उरत नाही.